दोन नळ्यांपुरतं

बालाखानीच्या शाळेत त्या हिवाळ्यात गॅस नव्हता.
खिडकीबाहेर तेलाचे पंप माना हलवत होते,
साहेबाच्या प्रत्येक वाक्याला हो म्हणणाऱ्या कारकुनांसारखे,
आणि आम्ही हातमोजे घालून
वहीत कार्बनचे चार हात काढत होतो.

हिजरान बाई म्हणाल्या,
ज्याचा एकेक हात एकेकाच्या हातात, तो संपृक्त.
त्याला आता कुणी नको.
फळ्यावर मिथेन : मधे एक, भोवती चार,
लग्नाच्या फोटोतल्यासारखे ताठ.
आणि हे इथीन. दोन कार्बन,
एकमेकांना दोन-दोन हातांनी धरून.

"मग हेच जास्त घट्ट ना?" मागून तेल्मान.
बाई थांबल्या. खडू कोटाला पुसला.
"दिसतं घट्ट.
पण दारात कुणी आलं
की त्यातला एक हात सुटतो."

कपाटात ब्रोमीनचं पाणी होतं, कडक चहाच्या रंगाचं,
दोन नळ्यांपुरतं.
एकीत दवाखान्यातलं पॅराफिन.
दुसरीत सूर्यफुलाचं तेल, माझ्या घरचं,
आईनं खोकल्याच्या बाटलीत दिलेलं,
उरलं तर परत आण, असं बजावून.

पॅराफिननं काही केलं नाही.
रंग नुसता वर चढून तेलात बसला,
पाहुण्यासारखा, बूट न काढता.

दुसरी नळी माझ्या हातात. बूच दाबून हलव, हलव अजून.
तेल्मान मोजत होता.
दहाला काही नाही. वीसला काही नाही.
चाळीसच्या पुढं कुठंतरी तो मोजायचा थांबला.
रंग नव्हता.
सांडला नव्हता, उडाला नव्हता,
आत घेतला गेला होता.
नळीत दुधाळ, फिकट असं काही उरलं,
बाईंनी ते खिडकीशी नेऊन
गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिलं.

घरी आले तेव्हा
अग्दामहून आलेली पाच माणसं
आमच्या दोन खोल्यांत आपापली जागा शोधत होती.
त्यांचं शिवणयंत्र माझ्या टेबलावर.
आईनं बाटली उलटी करून पाहिली,
एक थेंब बोटावर घेतला, काही बोलली नाही.

मग चहा झाला. पेले पाच, माणसं आठ,
पत्ती तेवढीच,
पाणी पुन्हा, पुन्हा वाढवलेलं.
माझ्यापर्यंत आला तेव्हा
पेल्यातून पलीकडची खिडकी दिसत होती.