जोड

बदली होऊन गेलेल्या सिस्टरनी क्वार्टरमध्ये
तीन वस्तू मागे ठेवल्या :
तुळशीची रिकामी कुंडी, न वाजणारी बेल,
आणि तीन फुटी काचेची टाकी. टाकीत एक मासा.
मासा म्हणजे
दगडामागून अर्धा इंच निळं.
तेवढंच दिसायचं.

सीपीआरची रात्रपाळी संपवून मी यायचे,
चपला न काढताच टाकीसमोर बसायचे.
तो मला बघायचा, हे नक्की.
मी त्याला नाही.

एकट्याला करमत नसेल म्हणून
रविवारी दोन पिवळे आणले,
काळ्या पट्ट्यांचे, देखणे, चपळ.
गुरुवारपर्यंत निळ्याचा उजवा पर
उसवलेल्या बँडेजसारखा
दोऱ्यादोऱ्यांनी लोंबत होता.

लक्ष्मीपुरीत, बारदानाच्या गोदामामागे
दस्तगीर मुजावरांचं माशांचं दुकान.
चाचांचे दोन्ही कान लाल मातीत मोडलेले,
वाळल्या अंजिरासारखे.
वीस वर्षं मैदानात जोडी लावल्या त्यांनी,
कोण कोणाशी भिडेल :
मानेकडे बघून, पोटरीकडे बघून, एका नजरेत.
आता मैदानाचं बोलावणं येत नाही,
आलं तर म्हणतात, दुकान कोण बघणार.

"तिथं सारख्याला सारखा द्यायचा," चाचा म्हणाले,
"हितं उलटं. सारख्याला सारखा दिलासा की मेला.
त्याच्या रंगाचा नको, त्याच्या अंगाचा नको,
त्याचाच दगड मागणारा नको.
पिवळे आणा माघारी. तालमीतली पोरं हैत ती.
तुमचा पाहुणा मलावीच्या तळ्यातला,
लई लाजरा."

मग विचारलं, पाणी कुठलं?
बोअरचं, मी म्हटलं. साबणाला फेस येत नाही,
हीटरवर पांढरा थर बसतो.
"झ्याक! त्याला असलंच जड पाणी लागतंय."
इतक्या वर्षांत त्या पाण्याबद्दल
कुणी बरं बोललेलं ऐकलं नव्हतं मी.

दोन पिशव्या बांधून दिल्या.
एकीत ठिपक्यांचा मिशाळ,
दिवसभर फुटक्या माठात झोपणारा, रात्री उठणारा
(ह्याच्याशी माझं लगेच जमलं).
दुसरीत सहा चंदेरी रेनबो.
"हे वरच्या पाण्यात फिरतील. करणार काय न्हाईत.
त्याच्याकडं बघणार बी न्हाईत."
मग त्यांचा उपयोग?
चाचा गाठ आवळत राहिले थोडा वेळ.
"वर कोणतरी निवांत फिरतंय
म्हंजे आभाळात घार न्हाई.
भित्र्याला एवढंच कळायला लागतंय.
राखणदार नको असतोय, बाई.
बेफिकीर शेजारी पायजे."

आणि जाताना : दगड सगळे हलवा,
नवे रचा,
कुणाची जुनी वहिवाट शिल्लक नको.

रचले.
पहिले आठ दिवस काही नाही.
नववा, दहावा. रेनबो इकडून तिकडे,
कारण नसताना, तिकडून इकडे.
मिशाळाच्या मिशा माठाबाहेर.
वॉर्डात एक आजोबा पडदा ओढून जेवायचे,
ताटाचा आवाज होऊ न देता.
मला उगीच त्यांची खाट नंबर चौदा आठवायची.

काल सकाळी भाकरीचा तुकडा मोडला
आणि तो समोर होता.
सगळा. चार इंच.
गॅस बारीक केल्यावर ज्योत होते तसा निळा,
अंगावर अंधाराचे आडवे पट्टे,
आणि उजव्या परावर, फाटक्या कडेला,
नवा पापुद्रा, काचेसारखा, अजून रंग न भरलेला.
जखम कडेकडेने भरत येते
हे मी रोज पाहते. रोज लिहिते चार्टवर.
तरी घास हातातच राहिला.

पलीकडच्या क्वार्टरमध्ये कुकर लागला होता.
पहिल्या शिट्टीला तो थबकला,
शेपूट दगडाकडे वळली.
वरच्या सहाजणांना
काही फरक पडला नाही.
दुसरी शिट्टी झाली.
तिसरी मी मोजली नाही.