डोक्यामागचं कापड

मला कंपन्यांची नावं विचारू नका, साहेब,
दोरे विचारा.
चौदा नंबर निळा म्हणजे आखातातली ती,
जिच्या कापडाला घडी चालत नाही,
गुंडाळी करून द्यावी लागते,
झोळीतून तान्हं उचलावं तशी.
बत्तीस नंबर मरून, पूर्वेकडची:
एक टाका उसवलेला दिसला की अख्खा गठ्ठा परत,
पण पैसे तारखेला.
हिरव्या किनारीची आफ्रिकेतली.
तिची विमानं सहाच, त्यातलं एक कायम दुरुस्तीला,
तरी तिचा माणूस दर खेपेला विचारायचा
नलूच्या पोराची दहावी कशी गेली.

विमान मी कापडात मोजते.
पंख्याचं लहान: बहात्तर.
एका वाटेचं: एकशे ऐंशी.
दोन वाटांचं: तीनशे बेचाळीस,
त्यातली पुढची बेचाळीस रुंद, दुहेरी शिवणीची.
श्रीमंत डोकं जास्त घासतं की काय, कोण जाणे.

इथे जरीमरीत ती आमच्या पत्र्यावरून उतरतात.
खालून नुसतं पोट दिसतं, चाकं दिसतात.
चित्र शेपटीवर,
ते बघायला बाजूला उभं राहावं लागतं,
आणि बाजूला जागा कुणाकडे आहे?
आवाज आला की पायडलवरचा पाय थांबतो,
बोलणं थांबतं.
मला बघायला आले तेव्हा विश्राम काय म्हणाला
ते अर्धंच ऐकू आलं मला.
पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून लग्न झालं.

आता तुमची कंपनी. सोनेरी बगळ्याची.
पहिल्या वर्षी विमानं चार, मी एकटी.
अकरा झाली तेव्हा रझियाला बसवलं, मग नलूला.
एकोणतीस झाली तेव्हा पोटमाळा घातला
आणि त्याचे हप्ते.
बगळ्याच्या चोचीला सहा टाके,
डोळ्याला एक गाठ.
कंपनी वाढतेय हे पेपराआधी आमच्या बोटांना कळायचं.
आटतेय, हेही.

आधी म्हणाले, किनार नको.
मग म्हणाले, डोळा नको, गाठीमागे तेरा पैसे वाचतात.
पाचशे चाळीस आंधळे बगळे दिले मी,
तीन विमानांचे.
मग फोन उचलणारी मुलगी बदलली.
मग नुसता फोनच वाजायचा.

नलूचा भाचा रोशन आत सामान चढवतो.
तो सांगत होता, बगळे ओळीने उभे आहेत
पार तिकडे भिंतीकडेला,
इंजिनांच्या तोंडाला कापड बांधून.
मी विचारलं, ते कापड शिवलं कुणी?
त्याला माहीत नव्हतं.

तुमच्या अर्जात मला धनको लिहिलंय.
मी वाचलं, धन नको.
कंपनीपुढे ऋणको.
म्हणजे मला धन नको, तिला ऋण नको,
मग भांडण कशाचं, असं रझिया म्हणाली
आणि हसता हसता तिची सुई हरवली.
अनुक्रमांक नऊशे सात.
माझ्या वर बँका, इंधनवाले,
विमानं भाड्याने देणारे परदेशातले,
आणि एक फुलवाला, तो कसा काय वर गेला?
रक्कम दोन लाख सोळा हजार चारशे.
बरोबर आहे. वहीत आहे. वही बघता?

अकराशे बगळे वर माळ्यावर पडून आहेत.
डोळे असलेले.
रझियाच्या नातवाला तीन झबली झाली त्यांतून,
बाकी उंदरांपासून जपते,
परत उडाले तर लागतील.
नाव लिहा: यमुना विश्राम खरटमल.
सही इथे ना?

आणि पैशांचं काय, ते तेवढं सांगा.
हो, बोला,
मिळतील की

थांबा.
जाऊ द्या हे.

बत्तीस नंबर मरून.
आज चार मिनिटं लवकर आली.