उजव्या कुशीवर

काचाव, आडवा हो.
उजव्या कुशीवर. हो, त्याच खांद्यावर,
ज्याने काल सत्त्याण्णव चेंडू टाकले.
कोपर छातीसमोर, काटकोनात. मूठ छताकडे.
आता डाव्या हाताने मनगट धर
आणि जमिनीकडे ने,
घरात कोणी झोपलं असताना
दार लावतात ना,
तसं.

पुढून टोचलं तर सोड.
मागून ओढलं तर राहा.
तीस मोज.
अमिसमध्ये मोज, चिनीत तू घाई करतोस.
चेचाय, तोसा, तोलो...

वादळाने नेलेला पत्रा अजून बसवलेला नाही,
तिथून तैतुंगचं आभाळ थेट चटईवर उतरतं.
मी कोनमापक लावतो.
डावा खांदा एकाहत्तर अंश.
उजवा अठ्ठेचाळीस.
"तेवीस कुठे गेले, सर?"

कुठे जाणार.
थोडे हुआलिएनच्या मैदानावर,
थोडे घरामागच्या भिंतीवर, जिथे तू सात वर्षांचा असल्यापासून
खडूने चौकोन काढून मारत आलास.
हात मागे न्यायला तू उदार झालास, बाळा,
कान ओलांडून, माणसाचा हात जाऊ नये इतका मागे.
आत वळायला मात्र कंजूष.

माझ्या वेळी आडवं कोणी केलं नाही.
दुखतंय म्हणजे ताकद येतेय, म्हणायचे.
चोविसाव्या वर्षी मला मागून सदरा खोचता येईना.
पाठीला खाज आली की
मी दाराच्या चौकटीला घासायचो, बैलासारखा,
आणि बायको हसायची,
आणि मग एक दिवस हसली नाही.

संध्याकाळी तुझ्या घरी गेलो.
सावमा सीताफळांच्या बागेत होती,
हातात बारीक कुंचला, गळ्यात परागाची डबी,
फुलाफुलाला शिवत.
वरच्या फांदीशी आली की
डाव्या हाताने उजवं कोपर उचलून धरायची,
परक्याचं सामान उचलावं तसं.
वीस हंगाम.
तिचे अंश कोणी मोजले नव्हते.

मी तुझ्याबद्दल बोलत होतो: रोज दोनदा, फेकून झाल्यावर,
खांदा थंड व्हायच्या आत, ताण द्यायचा.
"ताण कळतो मला," ती म्हणाली.
"झाडालाही देतो आम्ही. पाणी तोडायचं, पानं उतरवायची,
मग बहर धरतो.
पण किती, ते झाडाला विचारून.
एका वर्षी नाही विचारलं. त्या ओळीत
आता कोंबड्या असतात."

तू आतून चटई आणलीस.
स्वयंपाकघरात, भाताच्या कुकरशेजारी,
आईला उजव्या कुशीवर वळवलंस,
कोपराखाली दुमडलेला टॉवेल सरकवलास
(हे मी शिकवलं नव्हतं)
आणि माझेच शब्द माझ्याच आवाजात म्हणालास.
दारापर्यंत आलास तेव्हा तिला हसू फुटलं,
"या घरात दुपारी झोपलंय कधी कोणी?"
"हलू नकोस. मोज."
लिमापर्यंत मोठ्याने.
मग पुटपुटत.
पंधरा-सोळाला तिचा श्वास बदलला
आणि आकडे थांबले.

तू मनगट सोडलं नाहीस.
ताशी एकशे अठ्ठेचाळीस किलोमीटरने चेंडू सोडणारी ती बोटं
नुसती टेकलेली,
दाबत नव्हती.
बोटांना पिवळे पराग लागले.
कुकरचं बटण खट्कन वर आलं, तरी ती जागी झाली नाही.
तू माझ्याकडे पाहिलंस: आता काय?

मला माहीत नव्हतं, काचाव.
पुस्तकात तीसच्या पुढचं काही दिलेलं नाही.

आज उजवा एकोणपन्नास.
फुगू नकोस, एखादा अंश माझ्या डोळ्याची चूकही असेल.
चल, दुसऱ्यांदा.
आणि तिला सांग,
उद्या शिडी घे म्हणावं, वरच्या फांद्यांना.