दोन वह्या

माझ्याकडे दोन वह्या आहेत.
एक हिरव्या पुठ्ठ्याची.
तिच्यात सगळे आठ तास काम करतात.
दुसरी शंभर पानी, भाचीच्या दप्तरातून उरलेली.
तिच्यात माणसं बारा तास उभी असतात.

अंबडच्या शेडमध्ये आम्ही इन्व्हर्टर बनवतो.
उद्या कोळसा संपला की
उन्हावर दिवे लागतील, ते आमच्यामुळे,
असं फाटकाशी पिवळ्या अक्षरांत लिहिलंय.
त्या पाटीला रात्रभर उजेड असतो.

परवा परदेशी गिऱ्हाइकाची तपासणी आली.
ठेकेदार सांगळे पहाटेच पोत्यातून बूट घेऊन हजर.
सगळे एकाच मापाचे, आठ नंबर.
वाइंडिंगच्या बायकांनी टाचेशी वर्तमानपत्र कोंबलं.
पुष्पलता बेंडकुळे म्हणाली,
“भाऊ, माझ्या बुटात अख्ख्या बंगल्याची जाहिरात मावली.”

तांब्याची तार ओढून ओढून
तिच्या तर्जनीवर खाच पडलीय,
विहिरीच्या काठावर दोराची पडते तशी.
अंगठाही गुळगुळीत. गेटवरच्या मशीनला तिचा ठसा कळत नाही,
म्हणून तिची हजेरी मी हातानं लिहितो.
हातानं लिहायचं म्हणजे
कसंही लिहिता येतं.

तपासणीसबाई चांगल्या होत्या. खरंच.
चहा आपल्या पैशानं घेतला.
त्यांच्या कागदावर ‘नैतिक’ हा शब्द नऊ वेळा होता.
मी मोजला. मोजायचाच पगार आहे मला.
पुष्पलताला केबिनमध्ये बसवलं.
केबिनला खिडकी नाही, एसीसाठी बुजवलेली.
बाईंनी विचारलं, दिवसाला किती तास?

आणि लाइट गेली.

नेहमीचीच, साडेअकराची.
मागणी वाढलीय म्हणतात, एकलहऱ्याचे जुने संच थकलेत,
फीडरवर भार आलाय.
आमच्या जनरेटरला उठायला चाळीस सेकंद लागतात.
पंखा रेंगाळत थांबला.
पलीकडची मशिनं एकेक करून खाली बसली.
इतकं शांत झालं
की वार्निशचा वास ऐकू यावा.

त्या काळोखात ती म्हणाली,
“बारा.”
मग जरा थांबून, कुणी विचारलेलं नसताना,
“रविवारी पण.”

जनरेटर खोकला. उजेड आला.
“काय म्हणालात?” बाईंनी पेन उचललं.
पुष्पलतानं माझ्याकडे पाहिलं.
मी हिरव्या वहीकडे.
“आठ,” ती म्हणाली.

माझे वडील एकलहऱ्याला कोळशाच्या पट्ट्यावर होते.
टॉवेल कितीही धुतला तरी करडाच.
पण पाकिटात, देवाच्या फोटोमागे,
युनियनची पावती असायची घडी घालून.
म्हणायचे, धूर दिसतो रे,
म्हणून कुणाला तरी शिव्या घालता येतात.
उन्हाला कुठून आणायचा धूर?

संध्याकाळी बूट मोजून घेतले. एकोणतीस जोड.
एकातला कागद तसाच राहिलेला, घामानं ओला,
बंगल्याच्या गच्चीवर कोणीतरी हसत उभं होतं.
सांगळे म्हणाले, सुटलो.
मी शंभर पानी वही काढली.
मंगळवार. बेंडकुळे पु. बारा तास.
पुढे शेऱ्याचा रकाना असतो.
त्यात आजवर काही लिहिलेलं नाही.
मी लिहिलं: पैकी चाळीस सेकंद खरं बोलली.
मग वाटलं, हे तिच्या नावापुढे का?
खोडलं. खोडलेलं वाचता येतं अजून.

सामनगाव रोडला वळलो तर आमच्या गल्लीत अंधार.
दूर चिमणीच्या टोकावरचे
लाल दिवे तेवढे चालू.
ओट्यावर बसलो.
बाईंनी जाताना दिलेलं कार्ड वहीत खूण म्हणून घातलंय.
त्यावर नंबर आहे.

फोनमध्ये चौदा टक्के होते.