वारं प्यायलेला

आमच्या पुंता अरेनासमध्ये वारा इतका
की चौकाचौकात दोर बांधतात,
म्हातारी माणसं दोराला धरून रस्ता ओलांडतात.
आणि मी, एलिसेओ बारिया, वय त्रेपन्न,
पैसे मोजून घरात वारा आणलाय:
उशाशी डबा, डब्याला नळी,
नळीच्या टोकाला नाकावर बसणारी रबरी वाटी.

तासाला तीस-पस्तीस वेळा श्वास थांबतो तुमचा,
द्रीना नर्स म्हणाली.
थांबतो म्हणजे जातो कुठे, मी विचारलं.
ती हसली नाही.

सात आठवडे झाले.
यंत्र रोज सकाळी हिरवा हसरा चेहरा दाखवतं,
मी त्याला जांभई दाखवतो.
वारं प्यायलेलं वासरू कसं उधळतं म्हणतात;
मी रात्रभर पितो
आणि दिवसा दावणीलाच.
लागतो वेळ, द्रीना म्हणते, जुनं देणं आहे,
एका रात्रीत फिटत नाही.

नातालेसची बस माझ्याकडून काढून घेतली.
तात्पुरती, मालक म्हणाले,
आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.
आता मी पार्सलच्या खिडकीत.
मंगळवारची सगळी खोकी
मी सोमवारच्या शिक्क्याने पाठवली, दोनदा.

दुपारचे दोन वाजले
की पापण्यांना ओल्या लोकरीचं वजन येतं.
उभा राहतो. पत्ते मोठ्याने वाचतो.
नळाचं पाणी मनगटावर धरतो,
ते इथे उन्हाळ्यातही चावतं.
मग अर्धा पत्ता वाचून झालेला असतो
आणि उरलेला अर्धा मी स्वप्नात वाचत असतो,
तिथे रस्त्यांची नावं जास्त चांगली असतात.

मागच्या गुरुवारी कोंबडीची पिल्लं आली, चाळीस,
भोकं पाडलेल्या खोक्यात.
मी कान टेकला, सगळी जिवंत आहेत ना बघायला.
खोटं. खोकं उबदार होतं म्हणून टेकला.
जाग आली तेव्हा रांगेत पाचजण,
कोणी खाकरलंसुद्धा नव्हतं.
एका बाईने माझ्या कोपराखालून पावती काढून घेतली होती
आणि तिथे सुटे पैसे ठेवले होते, बरोबर मोजून.
ओरडली असती तर बरं झालं असतं.

नोल्फा अकरा वर्षं
माझा श्वास परत येईपर्यंत आपला धरून बसायची.
आता ती पडल्या पडल्या झोपते, चक्क घोरते,
आणि मी नळीतून फुसफुसत
छताकडे बघत ऐकतो. ऐकू दे. तिचं चुकतंय कुठे.

एका रात्री तशातच बोललो.
वाटी लावून बोललं की शब्दाआधी वारा निघतो,
ती म्हणाली, काय?
वाटी काढली. पुन्हा सांगितलं:
सत्त्याण्णवाव्या किलोमीटरला, ऑगस्टमध्ये,
मागे एकतीस प्रवासी झोपलेले,
बत्तिसावा मी.
एक मेंढी गेली. फक्त मेंढी.
कुंपणाची तार गाडीबरोबर कितीतरी लांब वाजत आली,
त्याने जाग आली.
मागे कोणीच उठलं नाही.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, बुटांना लोकर होती. मीच धुतले.
आणि वाटी उचलून माझ्या नाकावर ठेवली,
पट्टा जरा जास्तच घट्ट ओढला.

हल्ली दुपारी यंत्र बरोबर नेतो.
मागच्या खोलीत, पोत्यांच्या मध्ये, वीस मिनिटं,
गजर लावून; त्याहून जास्त नाही, द्रीनाचा हुकूम.
तेवढा वेळ येर्को खिडकी सांभाळतो.
माझी बसही आता तोच नेतो, संध्याकाळची.
पोराने डब्यावर लाल चिठ्ठी चिकटवली आहे:
नाजूक. उलटं करू नये.
मी काढली नाही.

गजर. बाहेर वारा पत्र्याला धरून हलवतोय.
तोंड कोरडं, गालावर पट्ट्याचा वळ,
डोळे अर्धेच माझे.
खिडकीत बाई उभी आहे, हातात दोरीने बांधलेलं खोकं.
मी शिक्का उचलतो, उलटा करून बघतो.
बुधवार.
बाई, आज बुधवारच ना?
हो, म्हणते ती.