शून्य कशाचं धरायचं

मानाउसच्या खाली दोन नद्या लगटून वाहतात,
एक काळी, एक मातकट,
आणि कित्येक मैल मिसळायचं नाव काढत नाहीत.
पर्यटक होडीतून दोन्हीकडे हात बुडवतात, किंचाळतात.
मला त्या दोघी वेगळ्या कारणाने ठाऊक आहेत.
पाणी जोखणं हा माझा धंदा,
आणि दोघी माझ्याशी खोटं बोलतात,
आपापल्या रीतीने.

काळी बोलते रंगाने.
रानातली पानं तिच्यात कुजत राहतात,
त्यांचा हा बिनदुधाच्या चहाचा रंग,
नळीत धरला तर पातळ गूळपाणी.
मी लोह शोधते. औषध घातलं की नारिंगी उमटतं,
जितकं गडद तितकं लोह जास्त.
पण चहात उमटलेल्या नारिंगीत
नारिंगी किती आणि चहा किती?
यंत्राला एवढंच कळतं
की अलीकडून शंभर निघाले, पलीकडे बहात्तर पोचले.
मधले अठ्ठावीस कुणी खाल्ले
याची चौकशी ते करत नाही.

नोकरीचं तिसरं वर्ष. लागो दो ताकुआराची विहीर.
आकडा आला ०.७१. मर्यादेच्या दुपटीहून जास्त.
मी शिक्का मारला,
विहिरीवर झाकण पडलं, झाकणावर लाल पट्टी.
अकरा दिवसांनी सेउ आदेमार वही चाळताना थांबले.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"पोरी, शून्य कशाचं धरलंस?"
"डिस्टिल्ड पाण्याचं."
ते काही बोलले नाहीत.
त्याच विहिरीचं पाणी दुसऱ्या नळीत ओतलं,
सगळं घातलं, औषध तेवढं सोडून.
आम्लसुद्धा घातलं,
कारण आम्लाने चहा फिकटतो,
आणि फिकटायचा तर दोन्हीकडे सारखा फिकटावा.
ती नळी आत ठेवून शून्याचं बटण दाबलं.
म्हणजे यंत्राला सांगितलं:
हे पाणी असंच आहे, याबद्दल तक्रार नाही,
आता पुढचं बोल.
०.१९.

मीच गेले सांगायला. होडीत चार तास,
तोंडात वाक्यं घोळवत.
दोना एरोंदिना मासळी साफ करत होती.
मी म्हटलं, चूक माझी होती, विहीर चांगली आहे.
ती म्हणाली, "आम्हाला माहीत आहे.
रात्री झाकण सरकवून भरत होतो.
पट्टी पुन्हा चिकटवायला माझा नातू पटाईत."
मग हात धुऊन तिने पेला आणला,
आरपार बघितलं तर तिची खवल्यांची परात तांबूस दिसत होती.
मी प्यायले. जिभेला थोडी पानांची चव.
दुसरा पेला तिने न विचारता भरला.

काळीचं असं निस्तरता येतं.
मातकटीचं नाही.
ती प्रकाश खात नाही, उधळते.
अँडीजवरून आणलेला गाळ
नळीत गरगरतो, किरण आपटून वाट सोडतात,
आणि यंत्र समजतं, कुणीतरी गिळले.
इथेही तिचंच पाणी वजा करून बघते,
पण दोन नळ्यांतला गाळ सारख्या वेगाने बसत नाही.
गाळून घेतलं तर पाणी नितळ येतं,
पण कणांना धरून बसलेलं लोह कागदावर राहतं,
आणि नितळ पाण्याचा आकडा
नदीचा नसतो.
म्हणून वहीत दोन रकाने पाडते,
गाळलेलं, न गाळलेलं,
आणि कागद फेकत नाही.
खणात साठलेत, तारखा घातलेले, मातीची गोल वर्तुळं,
जानेवारीची दाट, ऑगस्टची पुसट.
नवा शिकाऊ वालदेसिर विचारतो, यांचं काय करायचं?
मी म्हणते, असू दे.

आज संध्याकाळी शेवटची नळी मातकटीची.
झाकण लावलं, तीनदा उलटी केली, आत ठेवली.
आकडा ठरेना. ०.४४, ०.४३,
मग बराच वेळ ०.४३,
मग ०.४१.
वालदेसिर पेन उघडून उभा आहे.
कुठला लिहू, विचारतो.
मी नळी काढते, पुन्हा उलटी करते.