कारण : इतर

मोझेलच्या वळणावर आमचा उतार इतका उभा
की हातून सुटलेली कात्री थेट नदीकडे निघते.
पायाखाली पाटीचा दगड, निळा-काळा, पापुद्र्यांचा,
दिवसभर ऊन पितो
आणि रात्री द्राक्षांना परत करतो.

जूनमध्ये डेटलेफ ड्रोन उडवतो.
शेजारगावचा पोरगा, बुटाच्या नाड्या कायम सुटलेल्या.
संध्याकाळी फोनवर नकाशा येतो:
चार हजार दोनशे वेली, तेवढेच ठिपके.
हिरवा म्हणजे ठीक.
लाल म्हणजे खोडात बुरशी, उपटा.

त्याचं फारसं चुकत नाही. आधीच सांगून टाकते,
नाहीतर म्हणाल, म्हातारी यंत्रावर दात धरून आहे.
गेल्या साली त्याच्या सांगण्यावरून एकोणीस कापल्या,
अठरा आतून ओल्या पावासारख्या निघाल्या.

सातवी ओळ, खालून बारावी. तीही लाल होती.
ती मी ठेवली.
पडद्यावर चौकट उघडली: कारण निवडा.
मजूर नाहीत. हवामान. फेरतपासणी. इतर.
'इतर' दाबलं. पुढं रिकामी जागा.
तिथं काय लिहायचं?
की ही हेडविगनं लावलेली, माझ्या सासूनं,
जिच्याशी मी अकरा वर्षं धड बोलले नाही,
आणि जिनं शेवटच्या हिवाळ्यात
छाटणीची कात्री माझ्यापुढं धरली,
धार लावून, मूठ माझ्याकडं करून?
बोटं गारठली होती.
लिहिलं: राहू दे.

यंदाच्या नकाशात लालांमध्ये तीन ठिपके निळे.
निळा मी कधी पाहिला नव्हता.
बोट ठेवलं तर अक्षरं उमटली:
राहू दे.

डेटलेफ म्हणाला, शिकतं ते.
तुम्ही कुठं किती थांबता, खिशातल्या फोनला कळतं.
सासूबाईंच्या वेलीपाशी चार मिनिटं,
या तिघींपाशीही तेवढीच.
त्यानं आपला अंदाज बांधला.

मी इतकी हसले की टोपी पडली
आणि घरंगळत खाली गेली.
अरे बाबा, तिथं माझा गुडघा धरतो!
पहिलीपाशी चढ अंगावर येतो,
दुसरीपाशी पाणी पिते,
तिसरीपाशी भिंतीला टेकून नुसता दम खाते.
माझ्या गुडघ्याला ते माया समजलं.

करवत घेऊन निघाले.
पहिली कापली. ओला पाव.
दुसरीही.
तिसरीपाशी सवयीनं बसले.
भिंतीत दुपारची ऊब अजून होती.
उठताना हात आपोआप खोडावर गेला,
नेमका तिथं, जिथली साल
गुळगुळीत झालेली आहे,
चौतीस वर्षं माझ्याच तळव्यानं घासून.
हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

फोन विचारत होता: सल्ला नाकारायचा?
मी काहीच दाबलं नाही.
करवत भिंतीवर ठेवून खाली उतरले,
एक पाय, मग दुसरा, आडवी आडवी.
नदीकाठच्या सायकलवाटेवर कुणीतरी माझी टोपी
खांबाला अडकवून ठेवली होती.